वाऱ्याच्या बेटांवर

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे, अटलांटिक महासागराच्या काठावर, बेटांची एक लांब रांग पसरलेली आहे. या द्वीपमालेला ‘आउटर हेब्रिडीज’ असे म्हणतात. दक्षिणेकडील व्हॅटर्से या चिमुकल्या बेटापासून उत्तरेकडील ल्यूइस बेटाच्या टोकापर्यंत एक सायकलमार्ग आखलेला आहे. ‘हेब्रिडियन वे’ या नावाने तो २०१६ साली खुला झाला. सुमारे २९७ किलोमीटर लांबीचा हा मार्ग दहा बेटांवरून जातो. सायकलीला सामानाच्या पिशव्या आणि एक लहानशी राहुटी बांधून दरवर्षी अनेक प्रवासी या मार्गाने निघतात.

या प्रवासात खरी सत्ता चालते ती वाऱ्याची. बेटांवर झाडे फारच थोडी. त्यामुळे वाऱ्याला कोठेच अडसर नाही. तो समोरून आला, तर उतारावरसुद्धा पायटे मारावे लागतात. पाठीमागून आला, तर चढही सोपा वाटतो. येथे बहुधा नैर्ऋत्येचा वारा वाहतो. म्हणूनच जाणते प्रवासी दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात. वाऱ्याशी झगडण्यापेक्षा त्याला सोबती करून घेणे शहाणपणाचे असते.

वाऱ्याइतकाच समुद्राचाही मान ठेवावा लागतो. वाटेत सहा ठिकाणी खाडीवर दगडी भराव घालून रस्ते केलेले आहेत आणि दोन ठिकाणी बोटीने पलीकडे जावे लागते. वादळ उठले, की बोट निघत नाही. मग प्रवाशाने स्वस्थ बसून राहावे, हेच बरे. बॅरा बेटावरील विमानतळ तर चक्क समुद्राच्या वाळूवर आहे! भरतीच्या वेळी तेथील धावपट्ट्या पाण्याखाली जातात. म्हणून विमानांच्या वेळा भरती-ओहोटी पाहूनच ठरवाव्या लागतात.

खाडीवरील हे रस्ते बेटवासीयांना सहजासहजी मिळालेले नाहीत. पूर्वी व्हॅटर्से आणि बॅरा या बेटांमध्ये रस्ता नव्हता. गुरांनासुद्धा सामुद्रधुनी पोहून ओलांडावी लागे. १९८६ साली असाच पोहत असता एक उमदा वळू बुडून मेला. त्या घटनेने बेटवासीयांचे हाल सर्वांच्या नजरेस आले, रस्त्याच्या मागणीने जोर धरला आणि १९९१ साली भरावाचा रस्ता तयार झाला. आज सायकलस्वार तो रस्ता काही मिनिटांत ओलांडतो.

दिवसभराच्या श्रमानंतर मुक्कामाचा विचार येतो. स्कॉटलंडमध्ये २००३ साली झालेल्या एका कायद्यान्वये, कुंपण नसलेल्या बहुतेक मोकळ्या जागेवर प्रवाशाला राहुटी ठोकता येते. मात्र त्याने जबाबदारीने वागले पाहिजे, अशी अट त्या कायद्यातच आहे. जून महिन्यात येथे दिवस सुमारे अठरा तासांचा असतो. त्यामुळे जागा शोधण्यास पुरेसा उजेड मिळतो. राहुटी बुटकी असावी, तिची निमुळती बाजू वाऱ्याकडे करावी आणि मेखा तिरप्या व खोल ठोकाव्यात. ल्यूइस व हॅरिस येथे रविवार हा विश्रांतीचा व प्रार्थनेचा दिवस मानला जात असल्याने बहुतेक दुकाने बंद असतात. म्हणून शनिवारीच शिधा घेऊन ठेवावा लागतो.

जबाबदारीची अट कशासाठी, हे पश्चिम किनाऱ्यावर गेले म्हणजे कळते. तेथे मैलोगणती हिरवे सपाट कुरण पसरलेले आहे. स्थानिक गेलिक भाषेत त्याला ‘मॅखर’ म्हणतात. शिंपल्यांचा चुरा होऊन तयार झालेली वाळू हजारो वर्षे वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येत राहिली आणि तिच्यावर गवताने मूळ धरले. त्या वाळूतील चुन्यामुळे जमीन सुपीक झाली. शेतकरी तिला समुद्रशैवालाचे खत घालतात, धान्य पिकवतात आणि गुरे चारतात. उन्हाळ्यात हे कुरण रानफुलांनी भरून जाते. टिटवीसारखे पक्षी तेथे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात.

परंतु गवताच्या त्या पातळ थराखाली नुसती वाळू आहे. गाडीच्या चाकांनी, शेकोटीने किंवा निष्काळजी पावलांनी तो थर एकदा फाटला, की वारा आत शिरतो आणि भोक मोठे करीत वाळू उडवून नेतो. ज्या वाऱ्याने ही भूमी घडवली, तोच तिला उधळून टाकतो. म्हणूनच समंजस प्रवासी गवतावर जाळ न करता लहान स्टोव्हवर अन्न शिजवतो, पक्ष्यांच्या घरट्यांपासून दूर राहतो आणि कचरा पिशवीत भरून बरोबर नेतो.

शेवटी ल्यूइसच्या उत्तर टोकावर, खडकांवर उभे असलेले लाल विटांचे दीपगृह दिसते. पुढे अथांग सागर, वर समुद्रपक्ष्यांचा कल्लोळ. प्रवासी सायकल टेकून ठेवतो आणि क्षणभर मागे वळून पाहतो. जेथे त्याची राहुटी होती, तेथे केवळ थोडे गवत दबलेले असते. दोन-चार दिवसांत तेही पुन्हा ताठ उभे राहते. पुढच्या प्रवाशाला ते कुरण जसेच्या तसे मिळते. चांगल्या पाहुण्याची खूण ती हीच.