राज्याभिषेकाच्या चित्राचा धनी

शिवराज्याभिषेकाचं ते चित्र गिरगाव-लालबागच्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर राहिलं. सिंहासनावर महाराज, भोवती दरबारी, आणि समोर कमरेत वाकलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन. मुंबईहून जलमार्गाने चौलला येऊन हा माणूस 1674 मध्ये रायगड चढला होता. चित्रात नजर महाराजांवर जाते आणि मग हटकून त्या वाकलेल्या पाठीकडे वळते. सगळा प्रसंग त्या एका वाकण्यात आहे. चित्र सर्वांना पाठ, पण ते काढणाऱ्या रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधरांचं नाव किती जणांना सांगता येईल?

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापूरचा. घराणं पाठारे प्रभूंचं. जानेवारी 1890 मध्ये ते मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, तेव्हा जॉन ग्रिफिथ्स तिथे प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे तेच हे ग्रिफिथ्स. त्यांच्या हाताखाली धुरंधरांचा हात घडला. 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, पुढे जे. जे. मध्येच मास्तरकी लागली, आणि 1931 च्या जानेवारीअखेर ते निवृत्त झाले ते संस्थेचं प्रमुखपद सांभाळून. एका हिंदी चित्रकाराने त्या खुर्चीत बसणं ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती.

धुरंधरांची वाट समजायला एक तुलना उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विन्स्लो होमर हा चित्रकार होऊन गेला. तो आधी ‘हार्पर्स वीकली’ साप्ताहिकासाठी चित्रं काढायचा, यादवी युद्धातल्या छावण्या रेखाटायचा. नंतर मेन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर जाऊन राहिला आणि समुद्राचा चित्रकार म्हणून अमर झाला. होमर छापील पानाकडून समुद्राकडे गेला. धुरंधर सातासमुद्रांचं बंदर असलेल्या मुंबईत पुढचं आयुष्य राहिले, पण त्यांनी छापील पान कधी सोडलं नाही, आणि त्यांची नजर बंदरावर उतरणाऱ्या, बाजारातून चालणाऱ्या माणसांवरच खिळलेली राहिली.

माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथेच आहे. तैलचित्रांना पदकं मिळाली, संस्थानिकांची कामं मिळाली, पण त्यांनी पुस्तकांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी केलेली चित्रं पाहताना मी जास्त रेंगाळतो. एस. एम. एडवर्ड्स हे मुंबईचे पोलीस कमिशनर. त्यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकात मुंबईच्या गल्लीबोळांना धुरंधरांनी चेहरे दिले. 1920 मध्ये ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी त्यांनी रंगीत चित्रांची मोठी मालिकाच केली. त्यातल्या बायकांचं नेसणं नीट बघा. पदर कोणत्या खांद्यावरून आला, निऱ्या कुठे खोचल्या, कासोटा कसा घट्ट ओढला, हे सगळं त्यांनी एखाद्या घरच्या बाईच्या जाणतेपणाने टिपलं आहे. मराठी, गुजराती, मुसलमान, पारशी, कुणाचंच नेसणं दुसरीच्या अंगावर गेलेलं नाही. वेशभूषेचा अभ्यास करणाऱ्याने आधी ही चित्रं उघडावीत.

‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मचरित्र 1940 मध्ये आलं. जे. जे. तल्या वर्गांची, शिक्षकांची, साहेबांच्या लहरींची अशी आतली हकीकत मराठीत दुसरी नाही. ते आज सहज मिळायला हवं. 1 जून 1944 रोजी ते गेले. त्यांची मुलगी अंबिका याच कलाशाळेत शिकली, स्वतः चित्रकार झाली आणि वडिलांची चित्रं तिने 2009 पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरच्या दिवसांपर्यंत, जिवापाड जपली. 2018 मध्ये काळाघोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुहास बहुळकरांनी धुरंधरांचं मोठं प्रदर्शन मांडलं. मोठमोठ्या तैलचित्रांबरोबर कागदावरची ही छोटी कामंही तेव्हा मुंबईकरांना जवळून पाहता आली.