दैनंदिन व्यवहारातील युक्तिवाद : रचना आणि परीक्षण

१. प्रास्ताविक

युक्तिवाद हा केवळ न्यायालयात किंवा विधिमंडळात होतो, असा एक समज आहे. वास्तविक मुलीला पुढे शिकवावे की नाही, जमीन विकावी की ठेवावी, ग्रामनिधी रस्त्यावर खर्च करावा की पाण्यावर, अशा प्रत्येक प्रसंगी आपण युक्तिवाद करतो आणि ऐकतो. भाषेचा हा उपयोग जुना आणि परिणामकारक आहे. आपल्याला न पटलेला निर्णय अनेकदा आपण मान्य करतो, याचे कारण समोरच्याच्या बोलण्यात नेमकी उणीव कोठे आहे हे आपल्याला सांगता येत नाही. ती उणीव कशी शोधावी आणि स्वतःचे म्हणणे कसे मांडावे, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

२. युक्तिवादाचे पाच अवयव

भारतीय न्यायपरंपरेने अनुमानाच्या मांडणीचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. त्यांचे परंपरागत उदाहरण असे : डोंगरावर अग्नी आहे (प्रतिज्ञा), कारण तेथे धूर दिसतो (हेतू), जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात (उदाहरण), या डोंगरावरही तसाच धूर आहे (उपनय), म्हणून डोंगरावर अग्नी आहे (निगमन).

या मांडणीचा सगळा भार तिसऱ्या अवयवावर आहे. धूर आणि अग्नी यांच्यातील नियत संबंधाला ‘व्याप्ती’ म्हणतात. व्याप्ती खरी असेल तरच हेतूवरून प्रतिज्ञेकडे जाता येते. हेच वाक्य उलटे करून पाहा : ‘जेथे अग्नी असतो तेथे धूर असतो.’ हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. सरपण ओले असेल तरच धूर होतो. अशा दडलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात.

३. न उच्चारलेले गृहीतक

नित्याच्या बोलण्यात पाचही अवयव कोणी उच्चारत नाही. बहुधा प्रतिज्ञा आणि हेतू एवढेच सांगितले जाते. व्याप्ती गृहीत धरलेली असते. म्हणून परीक्षणाचा आरंभ या न उच्चारलेल्या गृहीतकापासून करावा.

एका ग्रामसभेची कल्पना करू. एक सदस्य म्हणतात, “आपल्या प्राथमिक शाळेचा पट पंधरावर आला आहे, म्हणून ती बंद करून मुलांना शेजारच्या गावी पाठवावे.” येथील हेतू खरा आहे; हजेरीपट पाहून कोणीही त्याची खात्री करून घेईल. त्यामुळे ‘पट कमी नाही’ असा प्रतिवाद व्यर्थ ठरतो. येथे न उच्चारलेले वाक्य असे आहे : ‘ज्या शाळेचा पट कमी असतो, ती बंद करणे मुलांच्या हिताचे असते.’ ते उच्चारताच त्यातील उपाधी दिसू लागते. दुसरी शाळा जवळ असेल आणि तिची वाट सुरक्षित असेल, तरच हे विधान खरे ठरेल. वाद पटाचा नसून वाटेचा आहे, हे आता स्पष्ट होते.

४. प्रतिवादाची रचना

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल, “शाळा ही गावाची अस्मिता आहे, ती बंद पाडू पाहणारे गावाचे वैरी आहेत.” टाळ्या मिळतील, परंतु हे उत्तर मूळ हेतूला स्पर्शही करत नाही आणि विचाराऐवजी व्यक्तीवर हल्ला करते. भावना युक्तिवादात त्याज्य नाही. मात्र तिने कारणाची जागा घेऊ नये.

तेच म्हणणे पाच अवयवांत मांडून पाहू. शाळा गावातच राहावी. कारण पलीकडची शाळा तीन किलोमीटरवर असून वाटेत ओढा आहे. जी वाट लहान मूल एकट्याने चालू शकत नाही, तेथील त्याची हजेरी घरच्या मोठ्यांच्या सवडीवर अवलंबून राहते. गतवर्षी पाचवीसाठी पलीकडे जाणारी मुले पावसाळ्यात किती दिवस घरी राहिली, हे त्या शाळेच्या हजेरीपटात दिसते. आपल्या शाळेतील मुले तर त्यांच्याहूनही लहान आहेत. म्हणून ओढ्यावर पूल होईपर्यंत शाळा येथेच राहावी.

या मांडणीतील दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, पुरावा ऐकणाऱ्यांना तपासता येईल असा आहे. दुसरी, ‘पूल होईपर्यंत’ या मर्यादेमुळे विधान दुबळे न होता बळकट झाले आहे. कमी पटाच्या शाळेत एकाच शिक्षकाला अनेक वर्ग सांभाळावे लागतात, हा विरोधी पक्षाचा मुद्दा खरा असेल, तर तोही मान्य करावा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या बालकांना शेजारच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, असा आधारही देता येईल. परंतु येथे ‘शेजारची’ कोणती, हे वाटेचा मुद्दा मांडल्यावाचून ठरत नाही.

५. एक ऐतिहासिक उदाहरण

१८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे शिक्षणविषयक निवेदन सादर केले. उच्च वर्गाला शिक्षण दिले की ते आपोआप खालच्या थरांपर्यंत झिरपेल, हे सरकारी धोरणातील गृहीतक होते. फुल्यांनी नेमके त्यावर बोट ठेवले : तसे प्रत्यक्षात घडले आहे काय? सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो, मात्र शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरिष्ठ वर्गालाच मिळतो, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हेही त्यांनी सांगितले. अखेरीस किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी निश्चित मागणी केली. गृहीतकाची तपासणी, पुराव्याची मर्यादा आणि स्पष्ट निगमन हे तिन्ही गुण येथे एकत्र आढळतात.

६. समारोप

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन करते ती वितंडा. मराठीतील ‘वितंडवाद’ हा शब्द याच परंपरेतून आला आहे. दुसऱ्याच्या गृहीतकाला लावलेली कसोटी स्वतःच्या गृहीतकालाही लावण्याची तयारी असेल, तरच आपली चर्चा ‘वाद’ या नावास पात्र ठरते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘तो गरीब घरातला आहे, म्हणून त्याला कर्ज देऊ नये.’ या विधानातील न उच्चारलेले गृहीतक लिहा व त्यातील उपाधी शोधा.

२. आपल्या घरात किंवा गावात अलीकडे झालेल्या एका निर्णयामागील युक्तिवाद पाच अवयवांत मांडा.

३. त्याच निर्णयाच्या विरोधी पक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा कोणता, ते प्रामाणिकपणे लिहा.