काटा गेला, आकडा राहिला

गेल्या महिन्यात फिल्टर हाऊसच्या प्रयोगशाळेला कुलूप लागलं. पाण्याचा गढूळपणा मोजणारा काट्याचा जुना नेफेलोमीटर भंगारात गेल्याचं शिपायाने फोन करून कळवलं. निवृत्त केमिस्टाला एवढा मानही पुष्कळ झाला.

मेणबत्तीचा जमाना मी पाहिलेला नाही. जॅक्सनची उभी काचनळी, खाली पेटती मेणबत्ती. ज्योत दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतत राहायचं. पंचविसाच्या खालचा गढूळपणा त्यात मोजता येत नसे, आणि पिण्याचं पाणी तर त्याच्या कितीतरी खाली. पुढची डिजिटल वर्षं बटणं दाबण्यात गेली.

सांगायचं ते १९९०च्या दशकाचं. १९९१ साली पिण्याच्या पाण्याचं मानक आयएस १०५०० सुधारलं : गढूळपणा ५ एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर १० पर्यंत चालेल. नेफेलोमीटर सरळ पार जाणारा उजेड पाहतच नाही. कणांवर आपटून काटकोनात फुटलेला तेवढाच टिपतो. पाणी जितकं नितळ, तितका त्याच्यापुढे अंधार.

त्या काट्याला खरं बोलायला लावायचं तर फॉर्माझिन हवं. हायड्राझिन सल्फेट आणि हेक्झामिनची द्रावणं ५-५ मिली एकत्र करून २४ तास २५ अंशांवर ठेवायची, मग १०० मिलीपर्यंत पाणी घालायचं. ते दुधट द्रावण म्हणजे ४०० एनटीयू. हायड्राझिन विषारी, पण हातमोजे मागितले की साहेब हसायचे. नळीवर बोटाचा ठसा उमटला तरी काटा चढायचा, म्हणून वडिलांच्या धोतराचं मऊ फडकं मी खणात ठेवलं होतं.

एका जुलैत नदीला नवं पाणी आलं. जार टेस्ट करून तुरटी वाढवली, तरी गाळलेल्या पाण्याचं रीडिंग १४. साहेब म्हणाले, "रजिस्टरात नऊ लिहा." मी चौदाच लिहिलं. माझी बढती तीन वर्षं लांबली. त्यांच्या निरोप समारंभाचा हार आणायलाही मलाच पाठवलं होतं.

२०१२ पासून अपेक्षित मर्यादा १ एनटीयू झाली. आता पाइपावर सेन्सर, भिंतीवर पडदा. परवा सहज डोकावलो. बाहेर धो धो पाऊस, नदी चहासारखी, पडद्यावर ०.४.

"काका, आठवडाभर तो तेवढंच दाखवतोय," ऑपरेटर म्हणाला.

सेन्सरचं भिंग कधी पुसलं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. नमुना आता तालुक्याच्या गावी पाठवतात. अहवाल चौथ्या दिवशी येतो.