मालमोटारीचा खोटा कांटा

असोद्याचीं भरिताचीं वांगीं बाजारांत पोंचविणाऱ्या जुन्या मालमोटारीस दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियल बसविला, कीं केबलीवर चालणारा वेगमापक पुष्कळदां बंद पडतो अथवा चुकीचा वेग दाखवूं लागतो. बंद कांट्याहून खोटा कांटा अधिक घातक. कारण त्यावर आपण विसंबतों, आणि तेलबदलाचा व भाड्याचा हिशेबही त्याच मीटरवरून मांडितों.

कांटा हलतच नसेल, तर केबल मीटरकडून सोडून गाडी सावकाश पुढें न्यावी. आंतली तार फिरली तर दोष बहुधा मीटरांत. न फिरली तर केबल तुटली आहे, किंवा गिअरबॉक्समधील दांतेरी चाकांत ती नीट बसलेली नाहीं.

चुकणाऱ्या कांट्याचें गणित सोपें आहे. चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टाचे पूर्वीं ५ फेरे होत व आतां ६ होत असतील, तर खरा वेग ५० असतां कांटा ६० दाखवील. तेव्हां केबल फिरविणारें २० दात्यांचें चाक काढून २४ दात्यांचें घालावें. टायरही बदलले असल्यास महामार्गावरील दगडांशीं १० किलोमीटर ताडून पाहावें. मीटरनें ११ दाखविल्यास २० च्या जागीं २२ दाते हवेत. मोठें चाक त्या जागेंत मावत नसेल, तर केबलीच्या तोंडाशीं लहान गिअरची डबी बसवून फेरे कमी करावे.