साहस स्वस्त कसे पडते?

परदेशप्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विमान, हॉटेल आणि कुणाच्या तरी मामाने पाठवलेले फोटो येतात. 'ते आपल्यासाठी नव्हे' असे म्हणून आपण तळेऱ्याच्या स्टँडवर एस.टी.ची वाट पाहत बसतो. पण मित्रहो, शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या सहा तरुणांना तसे वाटले नाही.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी हे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. पंजाब, बलुचिस्तानमार्गे ते इराणात गेले. पुढे इराक, सिरिया, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन असा फेरा करून १९२८ च्या मार्च महिन्यात ते मुंबईला परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर! परतले मात्र तिघेच : आदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा. त्यांनी लिहिलेले प्रवासवर्णन १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्याला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

असा प्रवास स्वस्त का पडतो? प्रवासखर्चाचे मुख्य भाग तीन : भाडे, मुक्काम आणि जेवण. समुद्र ओलांडायला बोट लागतेच. पण जमिनीवरचे भाडे सायकल वाचवते. मुक्काम आणि जेवण वाटून घेता येते, म्हणून सोबती हवेत. इथवर हिशेब सोपा आहे. परंतु पैशाने केवळ सुख मिळत नाही, सुरक्षितताही मिळते. खिशात पैसे असले की दमलेला माणूस गाडी करून घरी जातो. ते नसले की त्याचा भार सोबत्यांवर येतो. स्वस्त साहसाची खरी किंमत ही आहे.

ती आम्हांला परदेशात नव्हे, घरच्या घाटात कळली. तळेऱ्याहून एक रस्ता विजयदुर्गाकडे समुद्रावर उतरतो, तर दुसरा वैभववाडीवरून करूळ घाटाने गगनबावड्याला चढतो. गेल्या थंडीत आम्ही पाचजण सायकलींनी या दुसऱ्या रस्त्याने निघालो. प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी, भाकऱ्या आणि बटाट्याची भाजी घरची. अर्ध्या घाटात एकाच्या पायात गोळा आला. 'तू इथे सावलीत बस, आम्ही वर जाऊन येतो,' असे सांगून आम्ही पुढे गेलो. वर्गणीचे पैसे आमच्याकडे, पाण्याच्या बाटल्याही आमच्याकडे. परत येऊन पाहतो तर तो जागेवर नाही! मोबाईलला रेंज नाही. दोन तास आम्ही दरीत डोकावत, हाका मारत फिरलो. अखेर कळले की एका ट्रकवाल्याने त्याला सायकलीसकट खाली आणून सोडले होते. पुढे दोन महिने तो आमच्याशी बोलला नाही. त्याचे चुकले असे आजही म्हणवत नाही.

त्या सहांपैकी एकजण तेहरानहूनच मागे फिरला. एकाला अमेरिका आवडली, तो तिथेच राहिला. आणखी एकानेही प्रवास सोडला. म्हणून उरलेल्या तिघांची फेरी थांबली नाही, आणि परतलेल्यांनी कापलेला रस्ताही वाया गेला नाही. मागे फिरणे हा प्रवासाचाच एक भाग असतो, हे निघण्यापूर्वीच सर्वांनी मान्य केलेले बरे.

म्हणून जाणाऱ्यांना एवढेच सांगणे : वर्गणी एकाच खिशात ठेवू नका, परतीच्या भाड्याचे पैसे ज्याचे त्याच्याजवळ असावेत. पाणी प्रत्येकाजवळ हवे. चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची धरावी. एकजण थांबला तर दुसऱ्याने त्याच्याजवळ थांबावे, मग शिखर राहिले तरी चालेल. हे गगनबावड्याला जमले तर परमुलखातही जमेल. इथे जमले नाही तर पासपोर्ट काढून उपयोग नाही.

येत्या सुट्टीत आम्ही पुन्हा घाट चढणार आहोत. तोही येतो म्हणाला आहे. या खेपेस चाल त्याची राहील.