तिखट मध आणि पाण्याचा हिशोब

आजचा विषय आहे तिखट मध. मधात मिरची मुरवून केलेलं गोड-तिखट तोंडीलावणं. हा पदार्थ घरी कसा करायचा हे सांगणार आहेच, पण कृती पाच मिनिटांत सांगून होते. उरलेला वेळ मला एका वेगळ्या गोष्टीसाठी हवा आहे : तो टिकतो का, आणि बिघडला तर का बिघडतो.

अलीकडे हा पदार्थ आपल्याकडे आला तो पिझ्झाच्या मागून. अमेरिकेत माइक कर्ट्झ नावाच्या गृहस्थांनी ब्राझीलमधल्या एका पिझ्झाच्या दुकानात मिरची घातलेला मध चाखला होता. पुढे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, ते काम करत होते त्या पिझ्झाच्या दुकानात, ते स्वतः केलेला तिखट मध पिझ्झावर सोडू लागले. तिथून तो बाटलीत गेला आणि जगभर पसरला. पण गोड आणि तिखट एकत्र ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. मेथांबा घ्या. लग्नाच्या पानात डावीकडे वाढतात ते मिरचीचं पंचामृत घ्या. गंमत अशी की पूजेच्या पंचामृतात मध असतो आणि जेवणाच्या पंचामृतात मिरची. आज आपण ती दोन्ही एका बरणीत घालतो आहोत, एवढंच.

आता ही जोडी जिभेला का आवडते? मिरचीतला तिखटपणा म्हणजे कॅप्सेसिन. जिभेवर आणि तोंडात उष्णता ओळखणारे जे ग्राहक असतात, साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की ‘भाजतंय’ म्हणून ओरडणारे, त्यांनाच कॅप्सेसिन जाऊन चिकटतं. म्हणून तिखट खाल्लं की आपण ‘तोंड भाजलं’ म्हणतो. मेंदूपर्यंत पोचणारी बातमी खरोखर तीच असते. या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून. गोडाने ही आग काहीशी कमी जाणवते. त्यामुळे मधात मुरलेली मिरची आधी गोड लागते आणि तिखट मागाहून, सावकाश चढतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मध वर्षानुवर्षं टिकतो. का टिकतो? बरेच जण म्हणतील, गोड आहे म्हणून. पण उसाचा रसही गोडच असतो, आणि तो संध्याकाळपर्यंत आंबतो. फरक पाण्याचा आहे. फुलातल्या मकरंदात पुष्कळ पाणी असतं, कधीकधी ७०-८० टक्के. मधमाश्या तो मकरंद पोळ्यात आणतात, पातळ थरांत पसरतात आणि पंखांनी रात्रंदिवस वारा घालून त्यातलं पाणी उडवतात. ते १८ टक्क्यांच्या आसपास आलं की मगच कप्प्यावर मेणाचं झाकण लावतात. एवढ्या कमी पाण्यात, एवढ्या साखरेत जंतू वाढूच शकत नाहीत. साखर त्यांच्याच अंगातलं पाणी ओढून घेते. शिवाय मध आंबट असतो. त्याचा पीएच सरासरी ३.९ भरतो. गोडीमुळे तो आंबटपणा आपल्याला जाणवत नाही, इतकंच.

पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर जाऊ लागलं की हे संरक्षण ढिलं पडतं. मधात मुळातच असलेले काही यीस्ट जागे होतात आणि मध फसफसतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत बहुतेक मधांना २० टक्क्यांची मर्यादा आहे. हा २० चा आकडा लक्षात ठेवा. आपल्याला आता घरचा हिशोब करायचा आहे.

समजा तुम्ही पाव किलो मध घेतला. १८ टक्क्यांनी त्यात ४५ ग्रॅम पाणी आहे. त्यात ५० ग्रॅम हिरव्या मिरच्या चिरून घातल्या. ताज्या मिरचीत साधारण ८५ टक्के पाणी, म्हणजे ४२-४३ ग्रॅम. मध ते पाणी ओढून घेणार. दोन दिवसांत मध पातळ झालेला तुम्हाला डोळ्यांनी दिसतो. सगळं पाणी उतरलं तर प्रमाण जातं ३० टक्क्यांच्या घरात. मग ती बरणी मधाची राहत नाही, पाकाची होते.

आता त्याऐवजी १० ग्रॅम सुकी मिरची घाला. चांगल्या वाळलेल्या मिरचीत पाणी दहा टक्के धरलं तर एक ग्रॅम. प्रमाण १८ चं १८.३ होईल. मध मधच राहतो. माशीने एवढ्या कष्टाने काढलेलं पाणी आपण परत घालायचं नाही, ही या पदार्थाची सगळी गुरुकिल्ली.

आता कृती. पाव किलो मध, १० ग्रॅम सुक्या मिरच्या. रंगाला ब्याडगी आणि तिखटाला थोडी लवंगी, असं माझं प्रमाण असतं. ज्यांना झणझणीत हवं त्यांनी लवंगी वाढवावी. मिरच्यांचे देठ काढा. बिया ठेवा किंवा काढा, फार फरक पडत नाही. खरा तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतो. मिरच्या मंद आचेवर कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत परता. काळ्या करू नका, कडू होतात. पूर्ण गार होऊ द्या आणि खलबत्त्यात जाडसर कुटा. गरम असताना कुटल्या तर ठसक्याने घर डोक्यावर घ्याल.

मध एका कोरड्या, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घ्या आणि त्यात ही मिरची घाला. कोरडा म्हणजे खरोखर कोरडा. आता हा डबा गॅसवर ठेवायचा नाही. एका पातेल्यात एक भाग उकळतं पाणी आणि एक भाग नळाचं साधं पाणी एकत्र करा. थर्मामीटर नसला तरी हे पाणी साधारण ६०-६५ अंशांचं होतं. त्यात डबा झाकण लावून अर्धा तास ठेवा. झाकण अशासाठी की वाफेचं पाणी आत जाऊ नये. मधेमधे बाहेर काढून, डबा पुसून, कोरड्या चमच्याने हलवा. कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे मधात ते सावकाश उतरतं; ऊब दिली की मध पातळ होतो आणि हे काम लवकर होतं.

अर्ध्या तासाने चव घ्या. पुरे वाटलं तर मध कोमट असतानाच गाळणीतून गाळा. कमी वाटलं तर मिरची तशीच राहू द्या, दिवसागणिक तिखट वाढत जाईल. कोरड्या काचेच्या बरणीत भरून कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच करा.

बऱ्याच कृतींत शेवटी व्हिनेगर घालतात. चवीला ते फार छान लागतं, गोडाचा चिकटपणा कापतं. पण हिशोब बघा : दोन छोटे चमचे व्हिनेगर म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम पाणी. आपण १८ वरून थेट २१ वर गेलो. व्हिनेगर आंबट असलं तरी एवढ्याशा आंबटपणाला यीस्ट जुमानत नाहीत. म्हणून सगळ्या बरणीत न घालता, वाढताना वाटीत घ्याल तेवढ्या मधात थेंबभर घाला. लिंबाचंही तसंच. आधीच मिसळायचं असेल तर बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि थोड्या आठवड्यांत संपवा.

खायचा कशाबरोबर? थालिपीठ आणि लोण्यावर, भाजलेल्या रताळ्यावर, मक्याच्या कणसावर, पनीरवर. ज्या पदार्थात मीठ आणि स्निग्धपणा आहे तिथे तो खुलतो.

आता प्रश्नांकडे वळू.

प्रश्न : आयुर्वेदात मध गरम करू नये असं सांगितलं आहे. मग हे कसं चालेल?

उत्तर : बरोबर, प्राचीन ग्रंथांत तसा स्पष्ट निषेध आहे. आजच्या रसायनशास्त्राच्या बाजूने सांगायचं तर मध तापवला की त्यातली काही एन्झाइम्स निकामी होतात, सुगंध उडतो आणि एचएमएफ नावाचं एक द्रव्य वाढतं. त्याची मर्यादा किलोला ४० मिलिग्रॅम आणि उष्ण प्रदेशांतल्या मधाला ८० अशी आहे. किती वाढेल हे तापमान आणि वेळ यावर ठरतं. उकळणं आणि अर्धा तास कोमट ठेवणं यात खूप अंतर आहे. पण ज्यांना निषेध पाळायचा आहे त्यांनी अजिबात तापवू नये. तीच भाजून गार केलेली, कुटलेली मिरची साध्या मधात घाला आणि दोन आठवडे थांबा. तिखट उतरतं. फक्त धीर हवा.

प्रश्न : मधात सोललेला लसूण किंवा हिरवी मिरची घालून महिनोन्‌महिने बाहेर ठेवतात, त्याचं काय?

उत्तर : मी ते करत नाही आणि करा म्हणणार नाही. पाण्याचा हिशोब तुम्ही पाहिलातच. फसफसलं तर निदान दिसतं : फेस येतो, आंबूस वास येतो, झाकण उघडताना हवा सुटते. काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, लसणावर असू शकतात, मधातही असू शकतात. त्याचं विष दिसत नाही, त्याला वासही येईलच असं नाही. एरवी त्याला अडवतात दोन गोष्टी : पाण्याची कमतरता आणि आंबटपणा. त्यातली पहिली आपण काढून घेतली, आणि सगळे मध सारखे आंबट नसतात. ताज्या मिरचीचाच स्वाद हवा असेल तर दोन-चार चमचे करा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा.

प्रश्न : मिरची न घातलेला साधा मध तान्ह्या बाळाला चाटवायला हरकत नाही ना?

उत्तर : आहे. हे जरा सविस्तर सांगतो, कारण आजचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल. नवजात बाळाच्या जिभेला मधाचं बोट लावायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती प्रेमापोटीच आलेली आहे. पण जे बीजाणू मोठ्या माणसाच्या आतड्यात निपचित पडून निघून जातात, ते बाळाच्या आतड्यात रुजू शकतात. कारण त्यांना रोखणारे इतर जिवाणू तिथे अजून पुरेसे वसलेले नसतात. मग विष आतच तयार होतं. बाळाला शौचाला होत नाही, रडणं क्षीण होतं, ते दूध नीट ओढत नाही, मान टाकतं. अशी लक्षणं दिसली तर तडक डॉक्टरांकडे जायचं आणि मध दिला होता हे आवर्जून सांगायचं. हा आजार १९७६ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा ओळखला गेला. मध शुद्ध आहे, जंगलचा आहे, गाळलेला आहे, याने काही फरक पडत नाही. उकळल्यानेही बीजाणू मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखाली १२१ अंश लागतात. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध नको : साधा नको, औषधाच्या चाटणातून नको, सोनं उगाळून तर नकोच नको. रीत मोडायला जड जात असेल तर बोट आईच्या दुधात बुडवा आणि मध पहिल्या वाढदिवसानंतर द्या.