क्षेप-पट्टे, पर्वतीय

भूखंडांची टक्कर होत असता आडव्या दाबाने भूकवचातील खडक तुटतात व त्यांचे खंड कौलांप्रमाणे एकमेकांवर चढतात. अशा रचनेच्या लांबट पर्वतमय प्रदेशास क्षेप-पट्टा म्हणतात. मंद उताराच्या ज्या विभंगावरून वरचा खंड खालच्या खंडावर रेटला जातो, त्यास क्षेप-विभंग म्हणतात. यामुळे थरांचा मूळ क्रम बदलून पुष्कळदा जुने खडक नव्या खडकांवर येतात.

निर्मिती : दोन भूखंडांमधील महासागराचा तळ प्रथम एका भूखंडाखाली शिरून प्रावरणात जातो. महासागर संपल्यावर भूखंड एकमेकांस भिडतात. भूखंडाचे कवच हलके असल्याने ते प्रावरणात सहजी बुडत नाही. ते आखडते व जाड होते. खाली जाणाऱ्या भूखंडावरील थर एखाद्या दुर्बल पातळीवरून सुटतात आणि फावड्यापुढे ओली वाळू साचावी तशी त्यांची पाचर बनते. पाचर पुरेशी जाड झाली की, ती पुढे सरकते व तिच्या पायथ्याशी नवा विभंग निर्माण होतो. म्हणून टकरीच्या रेषेपासून जसजसे दूर जावे, तसतसे विभंग सामान्यतः अधिक तरुण आढळतात.

हिमालय : भारतीय व यूरेशियन भूखंडांची टक्कर सु. ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. मधल्या टेथिस समुद्राच्या तळावरील चुनखडक आज एव्हरेस्टच्या माथ्यावर आहेत. सु. २,४०० किमी. लांबीच्या या पर्वतरांगेत उत्तरेकडून दक्षिणेकडे मुख्य मध्यवर्ती, मुख्य सीमावर्ती व मुख्य अग्रवर्ती हे क्षेप-विभंग अनुक्रमे निर्माण झाले. खोलवर ते एका समाईक विभंगास मिळतात. भारतीय भूपट्ट अजूनही उत्तरेकडे सरकत असून त्यातील वर्षाला सु. २ सेंमी. आकुंचन हिमालयात सामावले जाते. साचलेला ताण अचानक मोकळा झाल्याने कांग्रा (१९०५), बिहार-नेपाळ (१९३४) व नेपाळ (२०१५) येथील मोठे भूकंप झाले.

महाराष्ट्र : छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळ व अजिंठा येथील लेणी ज्या बेसाल्टात कोरली आहेत, तो लाव्हा याच भूपट्टावर सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे टकरीच्या आधी, पसरला. त्याचे थर आजही जवळजवळ आडवे आहेत. कारण आकुंचन मुख्यत्वे भूपट्टाच्या उत्तर कडेलाच घडले. तथापि टकरीचा दाब भूपट्टाच्या अंतर्भागातही पोहोचतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेला भूकंप (महत्ता सु. ६·२) आडव्या दाबामुळे, कमी खोलीवर, खडकांचा एक खंड दुसऱ्यावर सरकून झाला. दगडमातीची जड घरे कोसळून हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथे क्षेप-पट्टा नाही. पण खडक सरकण्याची रीत तीच होती. त्यामुळे पृष्ठभागावरील थर आडवे असणे, हे भूकंपापासून सुरक्षिततेचे प्रमाण मानता येत नाही.